पेल्यातला भात : जपानच्या प्रादेशिक साकेची चव आणि तिच्यामागील शेती



आपण तांदूळ विकावयास नेतो तेव्हा व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन काय पाहतो, हे आपणांस चांगले ठाऊक आहे. दाणा अखंड आहे का, काचेसारखा नितळ आहे का आणि त्याच्या पोटात पांढरा डाग तर नाही ना. पोट पांढरे दिसले की भाव उतरतो. जपानमध्ये मात्र भाताचे काही वाण असे आहेत की ज्यांच्या दाण्यात मधोमध खडूसारखा पांढरा गाभा धरावा म्हणून शेतकरी हंगामभर झटतो आणि त्या गाभ्यापायी त्याला खाण्याच्या तांदळापेक्षा चढा भाव मिळत आला आहे. हा तांदूळ ताटात जात नाही, पेल्यात जातो. त्यापासून 'साके' नावाचे मद्य तयार होते.

मद्यपानाचा प्रचार हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु भाताचा वाण, त्याचे गाव आणि त्याची चव ही तिन्ही थेट ग्राहकाच्या तोंडी कशी पोहोचतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते. ते पाहण्यासाठी कारखान्यात जावे लागत नाही. गल्लीतल्या एखाद्या इझाकायात संध्याकाळी तासभर बसले तरी पुरते.

इझाकायातील यादी

इझाकाया म्हणजे बसून पिण्याचे दुकान. एडो काळात मद्याच्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाला तेथेच बसून पिण्याची सोय करून दिली, त्यातून हा प्रकार रुजला. दारावर बहुधा लाल कागदी कंदील असतो. आत लाकडी फळीपुढे ओळीने बसावयाचे, समोर मालक किंवा मालकीण मासे भाजत असते. बसताच न मागता एक छोटी वाटी पुढे येते. तिला 'ओतोशी' म्हणतात आणि तिचे पैसे बिलात लागतात. परदेशी पाहुणे याबाबत नेहमी हुज्जत घालतात, पण तो तेथील रिवाज आहे.

समजा, आपण कोबे शहरातील अशा एका दुकानात बसलो आहोत. कोबे निवडण्याचे कारण असे की, साके बनविणारा नादा हा जुना पट्टा याच शहराच्या किनाऱ्याला लागून आहे आणि ज्या शेतांतून त्याला भात मिळतो ती शेतेही डोंगराच्या पलीकडे, फार दूर नाहीत. भिंतीवरील यादीत प्रत्येक साकेच्या नावापुढे सहसा प्रांताचे नाव, भाताच्या वाणाचे नाव आणि एक टक्केवारी लिहिलेली आढळते. आपल्याकडे हॉटेलात भात मागविला तर तो कोणत्या वाणाचा, हे वाढप्याला सांगता येत नाही. येथे पिणाराच वाणाचे नाव घेऊन मागणी करतो.

टक्केवारीबाबत नवख्याचा नेहमी घोटाळा होतो. ६० टक्के म्हणजे दाण्याचा ६० टक्के भाग घासून काढला असे नव्हे, तर ६० टक्के शिल्लक ठेवला असा अर्थ आहे. आपल्या जेवणातील पांढरा तांदूळ ब्राऊन राईसच्या साधारण ९० टक्के उरतो. साकेसाठी तो याहून पुष्कळ अधिक घासतात. ६० टक्के किंवा त्याहून कमी उरला तर 'गिंजो' आणि ५० टक्के किंवा त्याहून कमी उरला तर 'दाइगिंजो' हे नाव लावता येते. अर्थात इतर अटीही पाळाव्या लागतात. ही वर्गवारी १९९० पासून लागू झाली. त्यापूर्वीची सरकारी प्रतवारी १९९२ मध्ये पूर्णपणे बंद झाली. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिने व स्निग्धांश अधिक असतात आणि त्यांच्यामुळे मद्याला जड, राठ चव येते, म्हणून हा खटाटोप. अर्धा दाणा घासावयास यंत्राला सुमारे दोन दिवस लागतात, कारण घाई केल्यास दाणा तापतो व तुटून कणी होते. निघालेला बाहेरचा कोंडा तेल, पशुखाद्य व लोणच्याकडे जातो, तर आतले पांढरे पीठ तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या कारखान्यात जाते. काही वाया जात नाही.

वाणाचे नाव लेबलवर छापण्याचाही नियम आहे. त्या वाणाचा तांदूळ निम्म्याहून अधिक वापरलेला असला पाहिजे आणि किती टक्के वापरला तेही लिहिले पाहिजे. शिवाय गिंजोसारख्या विशेष प्रकारांसाठी सरकारमान्य तपासणीत प्रत मिळालेलाच तांदूळ चालतो.

तांदळात साखर नसते, मग मद्य कसे होते?

द्राक्षाच्या रसात साखर तयारच असते, त्यामुळे किण्व म्हणजे यीस्ट पडले की काम सुरू होते. तांदळात असतो तो स्टार्च. तो आधी साखरेत बदलावा लागतो. हे काम 'कोजी' नावाची बुरशी करते. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी. वाफवलेल्या तांदळावर तिचे बीजाणू भुरभुरून उबदार खोलीत सुमारे दोन दिवस ठेवले की दाण्यावर पांढरी बुरशी चढते व चेस्टनटसारखा गोडसर वास येऊ लागतो. मग हा कोजी, पाणी, किण्व आणि आणखी वाफवलेला तांदूळ चार दिवसांत तीन हप्त्यांनी एकत्र करतात. टाकीत एकीकडे स्टार्चची साखर होत असते आणि त्याच वेळी दुसरीकडे साखरेचा अल्कोहोल. म्हणूनच साकेमध्ये अल्कोहोल २० टक्क्यांपर्यंत चढू शकतो. बाटलीत भरताना पाणी घालून तो बहुधा १५-१६ टक्क्यांवर आणतात.

येथे त्या पांढऱ्या गाभ्याचे महत्त्व कळते. गाभ्यातील स्टार्चचे कण विरळ रचलेले असतात व त्यांच्यामध्ये पोकळी असते. त्यामुळे दाणा पाणी चटकन पितो आणि बुरशीची मुळे आतपर्यंत शिरतात. बाजारात जो दोष, तोच भट्टीत गुण.

पहिला पेला : ह्योगोचा यामादा निशिकी

चव घेण्यासाठी तीन छोट्या पेल्यांचा संच मागवावा. पुष्कळ ठिकाणी तो मिळतो. सोबत साधे पाणी मागून घ्यावे आणि प्रत्येक घोटानंतर ते प्यावे. जाणकार तपासणीसाठी पांढऱ्या चिनी मातीचा, तळाशी निळी वर्तुळे काढलेला पेला वापरतात. पांढऱ्यावर रंग आणि निळ्यावर नितळपणा दिसतो. आधी वास घ्यावा, मग थोडी साके जिभेवर फिरवावी व नाकाने श्वास सोडावा.

पहिल्या पेल्यातून पिकलेल्या केळीचा, सफरचंदाचा वास येईल. यात फळ घातलेले नसते. चांगला घासलेला तांदूळ सुमारे १० अंश सेल्सिअसच्या थंडीत तीन-चार आठवडे सावकाश आंबविला की किण्वापासून हा वास तयार होतो. चव गुळगुळीत, भरदार आणि घोट गिळल्यावरही थोडा वेळ रेंगाळणारी. हा यामादा निशिकी.

या वाणाचा संकर १९२३ मध्ये ह्योगो प्रांताच्या कृषी प्रयोग केंद्रात करण्यात आला आणि १९३६ मध्ये त्याला हे नाव मिळाले. म्हणजे निवडीला तेरा वर्षे लागली. त्याच्या हजार दाण्यांचे वजन २७-२८ ग्रॅम भरते, तर कोशिहिकारी या खाण्याच्या प्रसिद्ध वाणाचे सुमारे २२ ग्रॅम. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा वाण डोकेदुखीच आहे. तो गरवा आहे. उंची एक मीटरहून अधिक, काड नरम आणि लोंबी जड, त्यामुळे वादळी पावसात पीक लोळते. उत्पादनही खाण्याच्या भातापेक्षा कमी. जूनमध्ये लावणी, ऑगस्टच्या अखेरीस निसवणे आणि ऑक्टोबरमध्ये कापणी असे त्याचे वेळापत्रक आहे.

खताबाबतचा नियम आपल्या नजरेत भरण्यासारखा आहे. नत्र वाढविले की उत्पादन वाढेल, हा विचार येथे चालत नाही. उशिरा दिलेले नत्र दाण्यातील प्रथिने वाढविते, प्रथिने वाढली की साके राठ होते आणि उंच पीक आधीच आडवे पडते ते वेगळेच. म्हणून चांगला उत्पादक हात आखडता घेतो. कापणीनंतर जाड दाणाच वेगळा काढण्यासाठी सुमारे दोन मिलिमीटर फटीची चाळणी लावतात. बारीक दाणा खाली पडतो व त्याला साकेचा भाव मिळत नाही. उरलेल्याची पाच प्रतींत तपासणी होते.

इतके कष्ट शेतकरी का घेतो? याचे उत्तर मिकी व कातो या भागांतील गावांत मिळते. डोंगरातील चिकण माती, दिवसा ऊन व रात्री गारवा यांमुळे तेथील काही वाड्यांचा भात 'विशेष अ' क्षेत्राचा म्हणून ओळखला जातो. जपानमध्ये १८७३ पासून शेतसारा तांदळाऐवजी रोख घेणे सुरू झाले. पूर्वी साऱ्याच्या तांदळाची कसून तपासणी होई, ती गेल्यावर मालाची प्रत घसरली. तेव्हा १८९०च्या सुमारास नादाच्या मद्य उत्पादकांनी दलाल बाजूला ठेवून थेट गावांशी करार करावयास सुरुवात केली. एक गाव, एक भट्टी. याला 'मुरामाई' म्हणजे गाव-तांदूळ पद्धत म्हणतात. यातील कित्येक संबंध चार-चार पिढ्या टिकून आहेत. उत्पादक हंगामात शेतावर येतो, पीक पाहतो. गावालाही आपला भात कोणत्या बाटलीत गेला हे ठाऊक असते. आमच्या मते या साऱ्या व्यवस्थेचा कणा हाच आहे. वाण कोणालाही लावता येतो. यामादा निशिकी आज जपानच्या इतर अनेक प्रांतांत होतो. पण त्याच्या उत्पादनाचा निम्म्याहून मोठा वाटा अजूनही ह्योगोचाच आहे. कातो येथे १९२८ मध्ये स्थापन झालेले साके-भाताचे संशोधन केंद्र आहे आणि प्रांत या वाणाचे मूळ बियाणे शुद्ध राखतो.

दुसरा पेला : नीगाताचा गोह्याकुमानगोकु

दुसरा पेला उचलल्यावर वास जवळजवळ येतच नाही. चव हलकी, गोडवा कमी, घोट झटकन साफ होतो. यादीवर '+५' असा आकडा दिसेल. अधिक चिन्हाचा आकडा जितका मोठा तितका साखरेचा अंश सामान्यतः कमी आणि उणे चिन्ह असेल तर साके गोडसर. आम्लता जास्त असेल तर हा अंदाज फसतो, तेव्हा जिभेवरच विश्वास ठेवावा. ही साके कच्च्या माशासोबत चांगली लागते.

नीगाता हा जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्फाचा प्रदेश. वितळलेल्या बर्फाचे पाणी मृदू असते. मृदू पाण्यात किण्वन सावकाश होते. उलट, नादाच्या विहिरींचे पाणी जपानच्या मानाने कठीण आहे. त्यातील क्षार किण्वाला जोर देतात आणि साके कणखर उतरते. पाण्याचा हा फरक जिभेला कळतो, पण दोन पेले शेजारी ठेवले तरच.

या वाणाच्या नावाचा अर्थ 'पन्नास लाख कोकु'. कोकु हे जुने माप असून त्यात सुमारे १५० किलो तांदूळ बसतो. नीगाता प्रांताचे भाताचे उत्पादन पन्नास लाख कोकुंच्या पुढे गेले, त्याच्या आनंदात १९५७ मध्ये हे नाव देण्यात आले. भाताला उत्पादनाच्या विक्रमाचे नाव द्यावे, ही कल्पना त्या काळच्या अन्नटंचाईच्या आठवणीतूनच येऊ शकते. हा वाण हळवा आहे. कोशिहिकारीच्या आधी कापणीस येत असल्याने मजुरी व यंत्रे यांची विभागणी साधते. त्याचा गाभा मोठा असल्यामुळे कोजी छान धरतो, परंतु त्याच कारणाने दाणा फार घासला की फुटतो. निम्म्याच्या खाली न्यावयाचा तर त्याचा भरवसा नाही. यावर उपाय म्हणून नीगाताने त्याचा यामादा निशिकीशी संकर करून 'कोशी तानरेई' हा वाण २००४ मध्ये आणला.

तिसरा पेला : ओकायामाचा ओमाची

तिसऱ्या पेल्याला मातकट, धान्याचा वास आहे. चव दाट, किंचित आम्ल, तोंड भरून राहते. काहींना ती आवडत नाही, पण ज्यांना आवडते ते तिच्यासाठी वेडे असतात.

ओमाची हा संकरित वाण नव्हे. ओकायामा प्रांतातील एका शेतकऱ्याने १८५९ मध्ये परगावी जाताना दिसलेल्या निराळ्या लोंब्या घरी आणून निवड करीत तो वाढविला. आजच्या अनेक साके-वाणांच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते. उंची मात्र दीड मीटरच्या घरात! यंत्राने शेती सुरू झाल्यावर असे पीक कोण लावणार? गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे क्षेत्र काही हेक्टरांवर आले आणि वाण नष्ट होण्याच्या बेतात होता. ओकायामातीलच एका मद्य उत्पादकाने शेतकऱ्यांना भाव आणि नुकसानीची हमी देऊन तो पुन्हा लावून घेतला. आता ओमाचीचे बहुतेक सर्व उत्पादन ओकायामातच होते. वाण वाचला तो बियाण्याच्या कपाटात नव्हे, मागणीमुळे वाचला.

एक पेला गरम

थंड पेले झाल्यावर मालकीण विचारील, गरम देऊ का? उंची गिंजो सहसा गरम करीत नाहीत, कारण नाजूक वास उडून जातो. पण साध्या, कमी घासलेल्या तांदळाची साके ४० ते ४५ अंशांवर कोमट केली की तिची खरी चव खुलते. सोबत मुळा, अंडी व माशांच्या वड्या घातलेला ओडेन नावाचा रस्सा. थंडीच्या दिवसांत हेच मागवावे. महाग तेवढे चांगले, हा समज या एका पेल्याने जातो.

ही साके बनविणारे हात मूळचे कोणाचे? शेतकऱ्यांचे. साके थंडीत तयार होते आणि त्या दिवसांत बर्फाच्या प्रदेशात शेती बंद असते. म्हणून तांबा, नाम्बु, एचिगो या भागांतील शेतकरी टोळ्या करून भट्ट्यांवर जात आणि वसंतात लावणीला परत येत. त्यांच्या मुख्य कारागिराला 'तोजी' म्हणतात. आपल्याकडे ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या टोळ्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. फरक एवढाच की, तोजीचे कसब भट्टीच्या मालकालाही शिरसावंद्य असे. आता गावे म्हातारी झाली, हंगामी टोळ्या कमी झाल्या आणि अनेक भट्ट्या वर्षभराचे पगारी कामगार ठेवतात. कोजीच्या साहाय्याने साके बनविण्याच्या या पारंपरिक कौशल्याची नोंद युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

बिल येते तेव्हा

आता अडचणीची बाजू. जपानमध्ये साकेचा खप १९७३ मध्ये सुमारे १७ लाख किलोलिटर होता, तो आज सुमारे ४ लाखांवर आला आहे. साधी, स्वस्त साके मागे पडली. वाण आणि गाव सांगणारी साके तुलनेने टिकून आहे. तिच्यासाठी चांगल्या भाताला काही वेळा अवाच्या सवा भावही मिळतो. यामागुची प्रांतातील दास्साईच्या उत्पादकांनी २०१९ मध्ये यामादा निशिकीची स्पर्धा घेतली आणि पहिल्या आलेल्या शेतकऱ्याचा भात ६० किलोला पाच लाख येन या दराने घेतला. हा भाव नेहमीच्या वीस पटीहून अधिक होता. अशी बक्षिसे वर्तमानपत्रात येतात. बाकीच्या शेतकऱ्यांचे गणित निराळे आहे.

पहिला प्रश्न उष्णतेचा. निसवल्यानंतरच्या महिनाभरात हवा फार तापली तर दाण्यातील स्टार्चची रचना बदलते आणि वाफवलेला तांदूळ टाकीत नीट विरघळत नाही. तांदूळ तेवढाच लागतो, पण चोथा वाढतो व साके पातळ उतरते. २०२३च्या उन्हाळ्यात नीगाताच्या कोशिहिकारीपैकी पहिल्या प्रतीचा तांदूळ पाच टक्क्यांच्या आसपासच निघाला होता. त्यावरून उष्णतेची कल्पना यावी. लावणी थोडी पुढे ढकलून दाणा भरण्याचा काळ गारव्यात आणणे हा एक उपाय आहे, पण गरव्या वाणात त्याला मर्यादा पडते.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. २०२४ पासून जपानमध्ये खाण्याचा तांदूळ महागला. पाच किलोची पिशवी वर्षापूर्वी दोन हजार येनच्या आसपास मिळत होती, ती मार्च २०२५ मध्ये चार हजारांच्या वर गेली. साके-भाताचा चढा भाव हा लोळणाऱ्या पिकाचा, कमी उताऱ्याचा व चाळणीतून गळणाऱ्या दाण्याचा मोबदला होता. खाण्याच्या भातालाच तेवढे पैसे मिळू लागल्यावर पुष्कळ शेतकरी तिकडे वळले. त्यांना दोष देता येणार नाही. मद्य उत्पादकांना भाताचा भाव वाढवून द्यावा लागला आणि बाटलीचीही किंमत वाढवावी लागली. ज्यांनी केवळ बाजारातून भात घेतला होता ते अधिक अडचणीत आले. पिढ्यान्‌पिढ्या गावाशी करार असलेल्यांना निदान बोलणी करण्यास माणूस होता, पण भाव त्यांनाही वाढवावा लागला.

इझाकायातील मालकीण बिल देताना याच कारणास्तव दर वाढल्याचे सांगते. यादीवर जुना आकडा कागदाच्या पट्टीने झाकलेला असतो. प्रांताचे व वाणाचे नाव मात्र तसेच असते. शेजारचा गिऱ्हाईक तो आकडा क्षणभर पाहतो आणि ओमाचीच मागवितो.